दाणा मोठा, माल वाया

रंगाआधी लोखंडाला फॉस्फेटचा थर देणाऱ्या टाकीतून निघालेला पत्रा वाळला की त्यावरून नख ओढून बघायची कारखान्यांत जुनी रीत आहे. करड्या पृष्ठावर पांढरट रेघ उठली आणि बोटाला भुकटी लागली नाही, तर माल पुढे रंगाला जातो. भुकटी लागली तर पत्रा बाजूला. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर असो, शिरोली किंवा गोकुळ शिरगावची एमआयडीसी असो, जिथे लोखंडी वस्तूवर पावडर कोटिंग होतं तिथे ही नखाची परीक्षा दिवसातून कितीदा तरी होत असते. ती रेघ ओढणाऱ्याच्या बोटाखाली त्या वेळी जगातल्या दुर्मिळ रत्नखनिजांपैकी एक असतं. त्याचं नाव फॉस्फोफायलाइट.

कोल्हापूरच्या सराफ पेठेत, गुजरीत, पाचू मिळेल, पुष्कराज (टोपाझ) मिळेल, ऑर्डर दिलीत तर टांझानाइटही कुणी मागवून देईल. फॉस्फोफायलाइट मात्र मिळणार नाही. पैलू पाडण्याजोगा तुकडा संग्राहकांच्या कपाटांतून आणि संग्रहालयांतूनच फिरतो. तरीही या दगडाची रासायनिक घडण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपासून लोखंडी कपाटापर्यंत कशाच्याही रंगाखाली, पापुद्र्याएवढ्या थरात, बसलेली असू शकते. निसर्गाला जे क्वचित जमलं ते चार मिनिटांत, पन्नास अंशांवर, प्लास्टिकच्या कॅनमधून ओतलेल्या रसायनातून होतं. हा विरोधाभास गमतीचा आहे, पण त्याच्या मुळाशी स्फटिक कसा वाढतो याचं साधं गणित आहे. ते कळलं की रत्न आणि कोटिंग दोन्ही कळतात.

आधी दगडाकडे पाहू. जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात हागेनडोर्फ नावाच्या गावाजवळ पेग्माटाइटची खाण होती. पेग्माटाइट म्हणजे ग्रॅनाइटच्या रसाचा शेवटचा, पाण्याने भरलेला उरलासुरला भाग. त्यात दाणे मोठे होतात आणि इतरत्र न दिसणारी खनिजं तयार होतात. तिथल्या खनिजांतून १९२० मध्ये लाउबमान आणि श्टाइनमेट्झ यांनी हे नवं खनिज म्हणून नोंदवलं. नावाचा पहिला भाग फॉस्फेटचा आणि दुसरा ग्रीक ‘फिलॉन’चा, म्हणजे पान. पानासारखं थराथराने सुटतं म्हणून. हागेनडोर्फचे स्फटिक लहान होते. जगाला वेड लावणारे निळसर हिरवे स्फटिक नंतर बोलिव्हियातल्या पोतोसीच्या सेरो रिको डोंगरातून, उनिफिकादा खाणीतून आले. हा तोच डोंगर, जिथल्या चांदीने १५४५ पासून स्पेनची तिजोरी भरली. चांदीसाठी डोंगर पोखरणाऱ्यांना हा दगड मिळाला तो अपघातानेच.

घटक मोजायला सोपे आहेत. जस्ताचे दोन अणू, लोखंडाचा एक, फॉस्फेटचे दोन गट आणि पाण्याचे चार रेणू. वजनात मांडलं तर जस्त सुमारे २९ टक्के, लोखंड साडेबारा टक्के आणि पाणी १६ टक्के. लोखंडाच्या जागी थोडं मँगनीज शिरलेलं असतं, पण साचा बदलत नाही. हे पाणी ओल म्हणून अडकलेलं नाही, ते घडणीचा भाग आहे. लोखंडाच्या अणूभोवती सहा ऑक्सिजन असतात. त्यातले चार पाण्याच्या रेणूंचे आणि उरलेले दोनच फॉस्फेटचे. जस्ताभोवती मात्र चारच ऑक्सिजन, घट्ट बांधलेले. जस्त आणि फॉस्फरस यांच्या या चौकड्या एकमेकींना जोडून एक सलग पत्रा तयार होतो, आणि पाणी अंगावर घेतलेलं लोखंड दोन पत्र्यांमधल्या खुंटीसारखं उभं राहतं. खुंट्या मोजक्या, त्यामुळे जोर लागला की दगड त्याच पातळीवर सुटतो. पान हे नाव उगाच पडलेलं नाही.

कठीणता मोहसच्या मोजपट्टीवर ३ ते ३.५. नखाने ओरखडा जात नाही, चाकूच्या टोकाने सहज जातो. अंगठीत बसवायचा विचारही नको. धुळीतल्या गारेची कठीणता ७ असते, म्हणजे रुमालाने पुसतानाही पैलू घासला जाणार. त्यातून हा ठिसूळ. पैलू पाडणारा कारागीर वरचा सपाट पैलू, ज्याला ‘टेबल’ म्हणतात, तो सुटण्याच्या पातळीपासून काही अंश तिरका ठेवतो. बरोबर त्या पातळीत आला तर पॉलिश होण्याऐवजी पापुद्रे निघतात. दाब हलका आणि दगड गार हवा. सोनाराकडची साफसफाईची नेहमीची हत्यारं याला चालत नाहीत. अल्ट्रासॉनिक भांड्यात तो फुटू शकतो, आणि दागिना उजळायला ठेवलेल्या सौम्य गंधकाम्लात चक्क विरघळू लागतो. फॉस्फेटची जवळपास सगळी खनिजं आम्लापुढे मऊ पडतात, त्यात याचा दोष नाही.

रंग रंगहीनापासून फिक्या निळसर हिरव्यापर्यंत, आणि त्या रंगामागे लोखंडच. दिसायला अॅक्वामरीनचा भाऊ, निळ्या पुष्कराजाचा मावसभाऊ. ओळख पटवायची तर नुसतं डोळ्यांवर विसंबू नये. दगडात प्रकाश किती वाकतो हे मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर याचे आकडे १.५९५ ते १.६२१ च्या दरम्यान येतात. पुष्कराजही १.६१ ते १.६२ च्या आसपास बसतो, त्यामुळे एकच आकडा घेणारा फसतो. दगड फिरवून दोन टोकांचे आकडे घ्यावेत. पुष्कराजात फरक ०.०१० च्या आत राहतो, फॉस्फोफायलाइटमध्ये ०.०२१ च्या आसपास जातो. तेवढंही उपकरण नसेल तर तराजू आणि पाण्याचं भांडं पुरे. समजा खडा हवेत ०.६२० ग्रॅम भरला. दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवला आणि वजन ०.४२० आलं, तर घट ०.२०० ग्रॅम. हवेतलं वजन भागिले घट म्हणजे विशिष्ट गुरुत्व ३.१, आणि फॉस्फोफायलाइटशी उत्तर जुळलं. त्याच वजनाचा पुष्कराज पाण्यात ०.४४४ भरेल, कारण त्याचं गुरुत्व ३.५३. अॅक्वामरीन २.७ वर राहतो. दोऱ्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा हे सगळं गणित बिघडवतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा. लहान तरंगलांबीच्या अतिनील दिव्याखाली हा जांभळट चमकतो, पण तो पुरावा जोडीला ठेवावा, एकटा नव्हे.

आता टाकीकडे.

लोखंडाला फॉस्फेटचा थर देण्याची युक्ती शंभरावर वर्षं जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या थॉमस वॉट्स कॉस्लेटने १९०६ मध्ये घेतलेलं पेटंट हा तिचा मैलाचा दगड मानतात. उकळत्या फॉस्फोरिक आम्लात लोखंड तासन्‌तास ठेवायचं, अशी ती सुरुवातीची पद्धत. आजच्या जस्त-फॉस्फेटच्या बाथचा, म्हणजे टाकीतल्या द्रावणाचा, पाया झिंक ऑक्साइड आणि फॉस्फोरिक आम्ल, सोबत थोडं नायट्रिक. विरघळलेलं जस्त बाथमधून येतं, लोखंड मात्र बाथमध्ये घालावं लागत नाही. ते मालातूनच येतं. ही सगळ्या गोष्टीची किल्ली आहे.

पत्रा बुडाला की आधी आम्ल त्याला चावतं. लोखंडाचे अणू द्रावणात उतरतात, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, आणि पत्र्याला लागून असलेल्या केसाएवढ्या पाण्यातलं आम्ल खर्ची पडतं. बाथ आंबट, पण पत्र्याजवळ आंबटपणा उतरलेला. जस्ताचं फॉस्फेट आंबट पाण्यात विरघळलेलं राहतं, आंबटपणा उतरला की बाहेर पडतं. म्हणून ते टाकीच्या मध्यावर न पडता पत्र्यावरच दाणा धरतं. नुसतं जस्त आणि फॉस्फेट आणि पाण्याचे चार रेणू जमले तर तयार होतो होपाइट. तेही एक खनिजच, स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस चार्ल्स होप यांच्या नावाचं. पण पत्र्यातून नुकताच उतरलेला लोखंडाचा अणू तिथे हजर असेल आणि पळून जाण्याआधी सापडला, तर तीनपैकी एका जस्ताची जागा तो घेतो आणि फॉस्फोफायलाइट जन्मतो. होपाइटमध्ये जी खुंटी जस्ताची असते, ती इथे लोखंडाची. बस, इतकाच फरक.

हे पटकन व्हावं म्हणून अॅक्सिलरेटर लागतो. बहुतेक ठिकाणी तो सोडियम नायट्राइट असतो. तो हायड्रोजनचे बुडबुडे पत्र्यावर बसू देत नाही आणि बाथमध्ये साठणाऱ्या जादा लोखंडाला जळवून गाळ करून खाली बसवतो. टाकीच्या तळाशी जो पिवळट पांढरा चिकट गाळ साठतो तो मुख्यतः लोखंडाचं फॉस्फेट, पण तीन संयुजेच्या लोखंडाचं. त्याला फॉस्फोफायलाइटमध्ये जागा नाही. म्हणजे एकच लोखंड दोन वाटांनी जातं. वेळेवर स्फटिकात शिरलं तर थर, उशीर झाला तर गाळ.

बाथ सांभाळणाऱ्याला ही वाट रोज तोलावी लागते. दहा मिलि बाथ फ्लास्कमध्ये घ्यायचा, मिथिल ऑरेंज किंवा ब्रोमोफेनॉल ब्लूचे थेंब टाकायचे, ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या नळीतून, कॉस्टिकचं ठरलेल्या तीव्रतेचं (एन बाय टेन) द्रावण सोडत राहायचं. रंग पालटेपर्यंत जितके मिलि लागले तितके मुक्त आम्लाचे पॉइंट. दुसऱ्या फ्लास्कमध्ये फिनॉल्फ्थॅलीन घेऊन गुलाबी येईपर्यंत सोडलं की एकूण आम्ल. पंचेचाळीस-पन्नास अंशांवर चालणाऱ्या बाथमध्ये एकूण २० ते २५ असेल तर मुक्त साधारण १ च्या आसपास राहायला हवं. नक्की आकडा रसायन पुरवणाऱ्याच्या कागदावर असतो आणि तोच पाळावा. पण प्रमाण का पाळायचं हे समजलं पाहिजे. मुक्त आम्ल वाढलं तर पत्रा नुसता खाल्ला जातो, जवळचं पाणी कधी निवळतच नाही आणि दाणा धरत नाही. घटलं तर जस्त पत्र्याची वाट न बघता टाकीतच बाहेर पडतं. पाणी दुधाळ दिसतं आणि थर भुकटीसारखा सुटतो.

नायट्राइट मोजायला वाकड्या नळीचं साखरमापक वापरतात. त्यात बाथ भरायचा, दोन ग्रॅमच्या आसपास सल्फॅमिक आम्ल टाकायचं, तोंड अंगठ्याने बंद करून नळी उलटी-सुलटी करायची. नायट्रोजनचे बुडबुडे वर जमतात, जितके मिलि तितके पॉइंट. एक ते तीनच्या दरम्यान असले की काम चालतं. नायट्राइट आंबट पाण्यात टिकत नाही, टाकी गरम असो वा नसो. रात्रभर उभ्या राहिलेल्या बाथमध्ये सकाळी तो जवळजवळ संपलेला असतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या रॅकला बहुतेक वेळा हाच शाप असतो.

‘मामा, माल पिवळा पडायलाय.’ ‘पडंल की. सकाळी टोनर घातलावतास का?’

टोनर म्हणजे हेच नायट्राइट. पण पिवळा पडण्याची कारणं खरं तर दोन-तीन आहेत आणि ती एकमेकांत मिसळतात, म्हणून दर वेळी नायट्राइटवर ढकलून चालत नाही. गंज काढायच्या टाकीतलं मिठाचं आम्ल नीट न धुतल्यामुळे क्लोराइड बाथमध्ये शिरला असेल. रॅक दोन टाक्यांमध्ये लोंबकळत ठेवून कुणी चहाला गेलं असेल. फॉस्फेटनंतरच्या पाण्यात आम्ल साठलं असेल. आणि नायट्राइट जास्त घातला तरी गडबड होतेच. तांबूस धूर निघतो, गाळ वाढतो, लोखंड स्फटिकात शिरायच्या आत जळून जातं. कमी पडल्यावर घालणं आणि घाबरून ओतणं यात फरक आहे.

उद्यमनगरच्या भाषेत ही ‘सात टाकी’. आधी तेल काढणं, साधारण साठ ते सत्तर अंशांवर. मग पाणी, गंज काढणं, पुन्हा पाणी, फॉस्फेट, पाणी, आणि शेवटी पॅसिव्हेशन, म्हणजे थरातल्या उघड्या जागा झाकणारी बुडवणी. तेल गेलं का हे पाण्यानेच कळतं. धुतलेला पत्रा उभा धरला की पाण्याचा पडदा सलग राहिला पाहिजे, तो फाटून थेंब झाले तर तेल उरलं आहे. अशा जागी थर येत नाही, नंतर नकाशासारखे डाग दिसतात. पाण्याच्या टाक्यांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, कारण त्यांत काही ‘होत’ नाही. पण कॉस्टिक घेऊन आलेला माल फॉस्फेटमध्ये गेला तर मुक्त आम्ल मारतो, आणि मग सगळा दोष नव्या कॅनवर येतो. पाणी सतत वाहतं ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. नेमका तोच बिल वाचवायला बंद केला जातो.

जिथे काम चांगलं होतं तिथे फॉस्फेटच्या अलीकडे आणखी एक छोटी टाकी असते, आणि आमच्या मते तीच खरी कलावंत. तिला अॅक्टिव्हेशन म्हणतात. त्यात टायटॅनियमच्या फॉस्फेटचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, लिटरला ग्रॅमभर एवढेच, पीएच नऊच्या आसपास. अर्धा ते एक मिनिट बुडवायचं. मग न धुता थेट फॉस्फेटमध्ये. इथे चुकून पाण्याची टाकी लावली तर सगळी मेहनत गटारात. हे कण पत्र्यावर चिकटून बसतात आणि प्रत्येकाभोवती एक स्फटिक धरतो. ही युक्ती जॉर्ज जर्नस्टेट यांनी १९४० च्या दशकात मांडली. कण न दिल्यास पत्र्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर मोजके दाणे धरतात, मोठे वाढतात आणि मध्ये उघडी जागा सोडतात. कण दिल्यास असंख्य दाणे धरतात, वाढायला जागाच मिळत नाही, दोन-चार मायक्रॉनवर थांबतात आणि शेजाऱ्याला भिडून गालिचा होतो.

कोल्हापुरात हे समजावायला फार लांब जावं लागत नाही. साखर कारखान्यातला पॅनमन नेमकं हेच करतो. पॅनमध्ये रस घट्ट होत आला की तो वाटलेल्या साखरेचं बी सोडतो. बी किती सोडलं यावर दाणा ठरतो. जास्त बी, बारीक दाणा. कमी बी, मोठा दाणा. आणि खडीसाखरवाला पाकात दोरा सोडून दिवसच्या दिवस हात लावत नाही. त्याला थोड्याच ठिकाणी दाणा हवा असतो, पण बोटाएवढा. साखर तीच, पाक तोच, फरक बियांचा आणि सबुरीचा.

पोतोसीच्या डोंगरात खडीसाखर झाली. खडकाच्या भेगेतून गरम पाणी फिरत होतं, त्यात जस्त थोडं, लोखंड थोडं, फॉस्फेट थोडं. दाणे धरायला जागा मोजक्या आणि घाई कुणालाच नव्हती. ज्या परिस्थितीत फॉस्फोफायलाइट धरतो, ती मुळात विरळा. जस्त सहसा गंधकाशी संसार थाटतं, फॉस्फेट कॅल्शियमशी. त्या दोघांना तिसऱ्याच ठिकाणी, दोन संयुजेच्या लोखंडासोबत, सुखाने एकत्र आणणं निसर्गाला क्वचित जमतं. टाकीत आपण हे तिघे एकत्र आणतो, दोघे कॅनमधून आणि लोखंड मालातून. दुर्मिळपणा पदार्थात नाही, मोठेपणात आहे. आणि गंमत अशी की सोनाराला जो मोठा दाणा हवा असतो, तोच टाकीत आला तर माल नापास. मोठे दाणे रंग पितात, चकाकी घालवतात, रंगाची पकड सैल करतात. वाकवलं की थर तडकतो. सुपरवायझर ‘दाणा जाड आला’ म्हणतो, तेव्हा तो तक्रार करत असतो.

जाड दाणा कुठून येतो? अॅक्टिव्हेशनच्या टाकीत बोअरचं कठीण पाणी भरलं तर कॅल्शियम-मॅग्नेशियम त्या सूक्ष्म कणांचे गोळे करून तळाला नेतात. टाकी वरून भरलेली दिसते, काम शून्य. तिथे आरओचं किंवा डीएम, म्हणजे क्षार काढलेलं, पाणीच घालावं, आणि द्रावण जुनं झालं की, नवीन दिसत असलं तरी, ओतून टाकावं. तीव्र कॉस्टिकने तेल काढणं आणि फार वेळ आम्लात ठेवणं हेही पृष्ठाच्या दाणा धरणाऱ्या जागा मारतं. हीच गोष्ट उलट्या बाजूनेही दिसते. बुडवण्याआधी पत्रा नुसता फडक्याने घासला तरी दाणा बारीक येतो. फडक्याच्या वाटेवर पट्टा वेगळा दिसला तर त्यात जादू काही नाही.

बिडाच्या कास्टिंगचा प्रश्न वेगळा, आणि कोल्हापूर फाउंड्रीचं गाव असल्यामुळे तो इथे रोजचा. बिडात ग्रॅफाइटच्या पाकळ्या असतात. आम्लात टाकलं की लोखंड विरघळतं, ग्रॅफाइट तसंच राहतं, आणि पृष्ठावर काजळी येते जी कुठल्याही धुण्याने नीट जात नाही. त्यावर फॉस्फेट धरत नाही. शिवाय बारीक छिद्रांत शिरलेलं आम्ल रंग दिल्यावर महिन्याभराने बाहेर पाझरतं आणि रंगाला फोड येतात. म्हणून कास्टिंगला गंजकाढणीची टाकी टाळावी, शॉट ब्लास्टिंगने, म्हणजे छर्‍यांच्या माऱ्याने, वाळू आणि पापुद्रा काढावा आणि मग तेल काढून थेट पुढे न्यावं. ब्लास्टिंग झालेला माल ताबडतोब चालवावा, विशेषतः जून ते सप्टेंबर. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडं लोखंड दुपारपर्यंत सुद्धा थांबत नाही.

कॅमशाफ्ट, गिअर अशा घासणाऱ्या भागांना जस्ताऐवजी मँगनीजचं फॉस्फेट देतात, नव्वद अंशांच्या वर. तिथे तयार होतो ह्युरोलाइट, तोही एक दुर्मिळ गुलाबी खनिज. पण ती गोष्ट निराळी, आणि त्याचं कौतुक तेल धरून ठेवण्याचं.

होपाइट आणि फॉस्फोफायलाइट, दोघांतलं कोण जास्त हवं? मोटारीच्या सांगाड्याला रंगाच्या टाकीत बुडवून वीज लावून प्रायमर देतात, तेव्हा याचं उत्तर कठोरपणे मिळतं. सांगाडा ऋण टोक असतो. त्याच्या पृष्ठावर पाण्याचं विघटन होऊन पीएच बाराच्या आसपास उडी मारतो. इतक्या अल्कलीत जस्त विरघळतं, ते उभयधर्मी आहे, म्हणजे आम्लातही विरघळतं आणि अल्कलीतही. होपाइटमध्ये खुंटीही जस्ताची, म्हणून थर खालून सैल होतो आणि रंगाखाली फोड धरायची तयारी होते. फॉस्फोफायलाइटमध्ये खुंटी लोखंडाची, आणि लोखंड अल्कलीत विरघळत नाही. थर टिकतो. म्हणून क्ष-किरणांच्या विवर्तनातून दोन्ही खनिजांच्या शिखरांची उंची मोजून एक आकडा काढतात. फॉस्फोफायलाइटचं शिखर भागिले दोघांची बेरीज. त्याला पी-गुणोत्तर म्हणतात. एकच्या जितकं जवळ तितकं बरं. हे गुणोत्तर वाढवायचे मार्ग म्हणजे बाथमधलं जस्त कमी ठेवणं आणि फवाऱ्याऐवजी बुडवणं. फवाऱ्यात पत्र्याजवळचं लोखंड वाहून जातं, बुडवलेल्यात ते रेंगाळतं.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर हे गणितच कोसळतं. तिथे पृष्ठावर लोखंड नाहीच, सगळं जस्त. फॉस्फोफायलाइट बनणार कशाचा? म्हणून बाथमध्ये निकेल आणि मँगनीज घालतात. ते होपाइटमधल्या खुंटीच्या जागी थोडे शिरतात आणि अल्कलीला टक्कर द्यायला मदत करतात. लोखंडाच्या जागी सोंग घेतलेले पाहुणे, पण काम करतात.

उष्णतेची एक अडचण आहे. थरातलं पाणी घडणीचंच असल्यामुळे फार तापवलं की ते सुटतं. सुकवायच्या भट्टीत माल विसरला तर थर कोरडा, भुरभुरीत होतो आणि तडे पडतात. सुकवणी हलकी ठेवावी, पाणी गेलं की बाहेर. टाकी गरम करतानाही विचार हवा. जस्ताचं फॉस्फेट तापवल्यावर जास्त विरघळत नाही, उलट बाहेर पडतं. म्हणून हीटरच्या नळीवरच दगडासारखी खपली बसते, नळी उष्णता देईनाशी होते, कामगार थर्मोस्टॅट वाढवतो आणि खपली आणखी वाढते. बाहेरून गरम पाण्याच्या जॅकेटने तापवलं तर हे चक्र मोडतं.

उरलेलं पाणी पंचगंगेच्या दिशेने जाणार असेल तर जबाबदारी वाढते. जस्त आणि फॉस्फेट चुन्याने पीएच नऊ-दहाच्या आसपास नेऊन बसवता येतात. त्याहून फार वर नेलं तर मघाचं उभयधर्मी जस्त पुन्हा विरघळतं. म्हणजे जास्त चुना टाकून सगळं सुरक्षित होईल हा समज उलटा पडतो. पॅसिव्हेशनला सहा संयुजेचं क्रोमियम वापरलं असेल तर ते आधी आंबट पाण्यात मेटाबायसल्फाइटने तीनवर आणावं लागतं, नाहीतर चुना त्याला बोटही लावत नाही. क्रोमविरहित पॅसिव्हेशन आज मिळतं, थोडं महाग आहे आणि वापरावं.

थर किती बसला हे वजनानेच कळतं. दहा सेंटिमीटर बाजूचा चौकोनी पत्रा फॉस्फेट करून, सुकवून, दशांश मिलिग्रॅमच्या तराजूवर तोलतात. मग ७५ अंशांच्या पाच टक्के क्रोमिक आम्लात काही मिनिटं बुडवतात. ते थर खातं, लोखंडाला हात लावत नाही. हे आम्ल विषारी आणि कर्करोगकारक आहे, हातमोजे आणि धूर खेचणारं हूड यांशिवाय जवळ जाऊ नये. धुऊन, सुकवून पुन्हा तोलायचं. दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ ०.०२ चौरस मीटर. चाळीस मिलिग्रॅम घट आली तर चौरस मीटरला दोन ग्रॅम. रंगाखाली दीड ते तीन ग्रॅम चांगला. अडीच ग्रॅम म्हणजे रत्नाच्या तराजूत साडेबारा कॅरट, एका चौरस मीटरवर पसरलेले. त्यातला किती फॉस्फोफायलाइट आणि किती होपाइट हे तराजू सांगत नाही. तेवढ्यासाठी पत्रा आधी क्ष-किरणांच्या यंत्राखाली ठेवावा लागतो, कारण तोलून झाला की सांगायला काही उरत नाही. उरतो तो नागडा, चकचकीत लोखंडी तुकडा. आषाढात तो मेजावर तसाच राहिला तर चहा संपेपर्यंत त्याच्या कडेला पहिला पिवळा ठिपका आलेला असतो.